वजन घटवताना पुरेसे जेवण : उष्मांकांचा हिशेब आणि मनाची धास्ती

वजन कमी करण्याचा संकल्प सोडणाऱ्या माणसाला प्रथम एकच भीती असते : आपण जास्त तर खात नाही ना? काही आठवडे नेटाने गेले, ताटातील भात निम्म्यावर आला, संध्याकाळचा फराळ बंद झाला, की तिच्या जोडीला दुसरी भीती येऊन बसते : आपण फार कमी तर खात नाही ना? शरीराला पुरेसे मिळते आहे का? केस गळू लागले ते यामुळेच का? पहिल्या भीतीविषयी सगळे बोलतात. दुसरीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि जे बोलले जाते त्यात ऐकीव गोष्टींचाच भरणा अधिक असतो. म्हणून या लेखात दुसऱ्या भीतीचा विचार करावयाचा आहे. ती कोठे खरी आहे, कोठे अनाठायी आहे, आणि रोजच्या जेवणात तिचे निराकरण कसे करता येईल, हे समजून घेऊ.

हा प्रश्न बँकेत काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबियांच्या विशेष परिचयाचा आहे. दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर बसून काम, जेवणाच्या अनिश्चित वेळा, मार्चअखेरची धावपळ आणि दर काही वर्षांनी बदली! बदलीबरोबर पाणी बदलते आणि ताटही बदलते. सातारा किंवा अकोल्याहून जयपूरला गेलेल्या आणि टोंक रोडच्या बाजूस, सांगानेरलगतच्या प्रताप नगरात बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घ्या. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसवलेली ही मोठी वसाहत, सेक्टरांत विभागलेली. तेथील रस्त्यांना हळदीघाटी मार्ग, कुंभा मार्ग अशी मेवाडच्या इतिहासातील नावे आहेत. सकाळी कोपऱ्यावर कांद्याची गरम कचोरी, रविवारी शेजाऱ्यांकडे दाल-बाटी-चुरमा, तीजेच्या सुमारास घेवर. दोन वर्षांत वजनाचा काटा पुढे सरकतो, कपडे घट्ट होतात आणि मग डाएटची भाषा सुरू होते. हिशेबाची सवय हाडीमासी भिनलेला बँकेचा माणूस साहजिकच कॅलरींचीही वही उघडतो. येथूनच धास्तीचा आरंभ होतो.

उष्मांक म्हणजे काय आणि ते किती लागतात?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते तिला शास्त्रीय भाषेत एक किलोकॅलरी म्हणतात. आहाराच्या संदर्भात आपण तिलाच सोयीसाठी कॅलरी किंवा उष्मांक म्हणतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांतून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९ कॅलरी मिळतात. तेलाच्या एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात ऐंशीच्या आसपास. एका बाटीत सहज जिरणाऱ्या दोन लहान चमचे तुपातून ९० कॅलरी मिळतात, म्हणजे एका फुलक्याहून थोड्या अधिकच.

ही ऊर्जा कोठे खर्च होते? तिचा सर्वांत मोठा वाटा आपण काहीही न करता खर्च होतो. हृदयाचे ठोके, श्वास, मेंदूचे व यकृताचे काम, शरीराचे तापमान राखणे, या सर्वांचा खर्च झोपेतही चालूच असतो. काही ऊर्जा अन्न पचवण्यात जाते आणि उरलेली चालणे, बसणे, उठणे, घरकाम आणि व्यायाम यांत खर्च होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली केलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला १,६६० आणि ६५ किलो वजनाच्या पुरुषास २,११० कॅलरी लागतात. हे सरासरी आकडे आहेत. आपली उंची, वय, स्नायूंचे प्रमाण आणि हालचाल यांनुसार प्रत्येकाचा आकडा त्याच्या वर किंवा खाली असतो.

एक उदाहरण मांडून पाहू

प्रताप नगरात राहणारी, ४२ वर्षे वयाची, १५५ सेंटिमीटर उंचीची आणि ६८ किलो वजनाची एक मराठी भगिनी डोळ्यांपुढे आणू. तिचे काम बैठे आहे. प्रचलित सूत्राने हिशेब केल्यास पूर्ण विश्रांतीतही तिचे शरीर दिवसाला सुमारे १,२८० कॅलरी खर्च करते. दिवसभराची बेताची हालचाल धरली तर हा खर्च १,८०० च्या आसपास जातो. वजन घटवण्यासाठी तिने रोज ४०० कॅलरी कमी घेतल्या, तर जेवण १,४०० कॅलरींचे होईल. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या हिशेबाने आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन उतरावे. वजन उतरत जाते तसा शरीराचा खर्चही थोडा घटतो, म्हणून पुढे ही गती मंदावते. ते स्वाभाविक आहे.

साडेतीनशे ग्रॅम हा आकडा अनेकांना क्षुल्लक वाटतो. 'पी हळद अन् हो गोरी' अशी आपली घाई असते! म्हणून ती भगिनी ठरवते की १,४०० कशाला, ९०० वरच भागवू. वजन झपाट्याने उतरते, पण सोबत थकवा येतो, चिडचिड होते, दुपारी डोके दुखते. मग कोणीतरी सांगते की इतके कमी खाल्ले तर शरीर उपासमारीच्या अवस्थेत जाते आणि वजन उतरणे थांबते. आता ती गोंधळते. ९०० खाल्ले तरी भीती आणि १,४०० खाल्ले तरी भीती! दरम्यान रोज रात्री वहीतील बेरीज १,४०० वर जुळली नाही तर झोप लागत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत. वजन घटवण्याचा आहार दिवसाला १,००० कॅलरींपेक्षा कमी नसावा, त्यातून सर्व पोषक घटक मिळावेत आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानावी, असे ती सांगतात. १,००० ही तळाची रेषा आहे, तेथे पोहोचणे हे आपले ध्येय नव्हे. याहून कमी कॅलरींचे आहार काही रुग्णांना दिले जातात, परंतु ते केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या उदाहरणातील भगिनीने ९०० कॅलरींवर राहू नये, हे यातून ठरते. पण रोजची बेरीज १,४०० वर जुळलीच पाहिजे का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला पुण्यात यावे लागेल.

पुण्यातील एक गाजलेला वाद

'माणसाला किती कॅलरी पुरतात?' हा प्रश्न महाराष्ट्रात फार गंभीरपणे चर्चिला गेला आहे. त्याचा संदर्भ मात्र दारिद्र्याचा होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. दरडोई दररोज २,२५० कॅलरींचे अन्न मिळवून देणारा खर्च ही त्यांनी किमान गरजेची कसोटी मानली. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० कॅलरींचे निकष स्वीकारले.

या निकषांच्या वापरावर थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मूलभूत आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेल्या सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून दीर्घकाळ काम केले होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सरासरी गरज म्हणजे प्रत्येक माणसाची प्रत्येक दिवसाची गरज नव्हे. एकच निरोगी माणूस, तेच काम करीत असताना आणि वजन स्थिर असतानाही, एका दिवशी जेवढे खातो तेवढे दुसऱ्या दिवशी खात नाही. काही दिवस, किंबहुना काही आठवडे, त्याचे खाणे सरासरीच्या खाली असू शकते. तेवढ्यावरून त्याला कुपोषित ठरवणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. ब्रिटनमधील लष्करी प्रशिक्षणार्थींच्या १९५५ सालच्या एका अभ्यासातही एखाद्या दिवशीचे खाणे आणि त्याच दिवशीचा ऊर्जेचा खर्च यांचा मेळ बसत नसल्याचे दिसून आले होते.

सुखात्मे यांचे सर्वच निष्कर्ष सर्वांना पटले असे नाही. दांडेकरांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनीही इशारा दिला की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते असे म्हणता म्हणता गरिबांची खरी उपासमार झाकली जाण्याचा धोका आहे. तो इशारा रास्त होता. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेते खरे, परंतु त्याची किंमत वसूल करूनच.

आपल्यासारख्या, पोटभर अन्न उपलब्ध असणाऱ्या माणसाला या वादातून दोन्ही बाजूंचे शहाणपण घेता येते. एक म्हणजे रोजच्या बेरजेतील चढउतार हा दोष नव्हे, ती शरीराची रीत आहे. दुसरे म्हणजे दीर्घकाळ सतत कमी पडत राहिले तर ते सोसून जाते असे समजू नये. कॅशियरला दिवसअखेर रोकड पैशापैशाने जुळवावी लागते. शरीराचे खाते मात्र सरासरी शिलकेच्या हिशेबावर चालते.

उदाहरणातील भगिनीचा एक आठवडा पाहा. सोमवारी १,३००, मंगळवारी १,४५०, बुधवारी भूक नव्हती म्हणून १,२००, गुरुवारी उपवास म्हणून १,०५०, शुक्रवारी १,४५०, शनिवारी १,५०० आणि रविवारी शेजाऱ्यांकडे दाल-बाटीचे आमंत्रण, तेव्हा १,८५०. एकही दिवस १,४०० वर जुळला नाही. आठवड्याची बेरीज मात्र ९,८०० आहे, म्हणजे दिवसाला बरोबर १,४००. गुरुवारी 'कमी पडले' म्हणून आणि रविवारी 'जास्त झाले' म्हणून तिने जो घोर लावून घेतला, तो दोन्ही वेळा व्यर्थ होता. आठवड्याचा एक उपवास आणि सणावारी गोडधोड ही आपल्या घरांची जुनी चाल हेच सांगते. शिवाय घरच्या जेवणाची मोजणी पुष्कळशी अंदाजाचीच असते. कोणाच्या हातचा फुलका पंचवीस ग्रॅमचा, कोणाचा पस्तीसचा. फोडणीत तेल एक चमचा पडले की दोन, हे ज्याचे त्याला ठाऊक! अशा मोजमापात शंभर कॅलरींचा फरक पडणारच. त्यावर रात्रीची झोप गमावण्यात अर्थ नाही.

खरोखर कमी पडले तर काय होते?

याचे सर्वांत सखोल उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. युद्धाने होरपळलेल्या युरोपातील भुकेल्या जनतेला पुन्हा कसे सावरावे, हे समजण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. तत्त्वनिष्ठेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींचे जेवण देण्यात आले आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यांना सतत थंडी वाजे, नाडी मंदावली, शक्ती गेली. त्याहून लक्षणीय होते ते त्यांच्या मनात घडलेले बदल. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाचेच विचार घोळत. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. ताटातील घास तासन्तास चिवडत बसण्याची सवय लागली. माणसे उदास, चिडखोर आणि एकलकोंडी झाली.

हे निष्कर्ष १९५० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातून आपल्या विषयापुरत्या दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की अन्नाचा सततचा विचार आणि चिडचिड ही प्रत्येक वेळी मनाच्या दुबळेपणाची खूण नसते. कित्येकदा ती खरोखर कमी खाल्ल्याची खूण असते. अशा माणसाला इच्छाशक्तीचा उपदेश करण्याऐवजी त्याचे जेवण वाढवावे. दुसरी अशी की कमी खाल्ल्याने वजन उतरणे थांबते, हा समज चुकीचा आहे. त्या तरुणांच्या शरीराचा ऊर्जाखर्च बराच घटला, तरीही प्रयोगभर त्यांचे वजन घटतच गेले.

मग 'मी बाराशेहून कमी खाते, तरी वजन हलत नाही' असे अनेकजण प्रामाणिकपणे का म्हणतात? न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली नेमका असाच दावा करणाऱ्या काही व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च अपेक्षेप्रमाणेच होता. मात्र त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी भरले. यात लबाडीचा प्रश्न नाही. चहातील साखर, स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटात उरलेले, काउंटरवर आलेला पेढा, या गोष्टी स्मरणातून निसटतातच. शिवाय शरीरातील पाण्याच्या चढउतारामुळे वजनकाटा आठवडा-दोन आठवडे जागचा हलत नाही, विशेषतः स्त्रियांच्या मासिक चक्रात. म्हणून काटा थांबला की लगेच जेवण आणखी कमी करणे हा उपाय नव्हे.

भारतीय शरीराची एक विशेष अडचण

आपल्याकडे पुरेसे खाण्याचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या देहरचनेवर मौलिक संशोधन केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा देहभार निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी भारतीय शरीराची ठेवण आहे. त्यामुळे मधुमेह आपल्याला कमी वजनावरही गाठतो. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या वरचा देहभार निर्देशांक अधिक वजनाचा आणि २५ च्या वरचा स्थूलतेचा मानला जातो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. वजन घटते तेव्हा केवळ चरबीच जाते असे नाही, काही प्रमाणात स्नायूही जातात. जेवण फार तोडले, प्रथिने कमी पडली आणि व्यायाम नसला, की स्नायूंचा तोटा अधिक होतो. ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच बेताची, त्यांनी ती अशी उधळणे परवडणारे नाही. काट्यावर पाच किलो कमी दिसतील, पण जिना चढताना पाय पूर्वीपेक्षा अशक्त वाटतील. पुढे जेवण पूर्ववत झाले की परत येणारे वजन बव्हंशी चरबीचेच असते.

अलीकडे या विषयाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. त्यांनी भूक फार मंदावते. ती घेणाऱ्याला जेवणाची आठवणही होत नाही, त्यामुळे नकळत खाणे फार कमी होऊ शकते. अशा व्यक्तींनी भुकेची वाट न पाहता वेळेवर, थोडे-थोडे आणि प्रथिनयुक्त खावे. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना कदापि घेऊ नयेत.

ताटाची मांडणी

आता प्रत्यक्ष जेवणाकडे वळू. सुमारे साडेचौदाशे कॅलरींचा, घरच्या स्वयंपाकात बसणारा एक दिवस असा असू शकतो.

सकाळी बिनसाखरेचा दुधाचा चहा आणि थोडे शेंगदाणे घातलेले एक बशी पोहे : सुमारे ३०० कॅलरी.
दुपारी तीन फुलके, एक वाटी घट्ट वरण, एक वाटी भाजी, एक लहान वाटी दही : सुमारे ५६०.
चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि मूठभर भाजलेले चणे : सुमारे १५०.
रात्री बाजरीची एक मध्यम भाकरी, एक वाटी मुगाची उसळ, कोशिंबीर आणि झोपताना अर्धा कप दूध : सुमारे ४५०.

एकूण प्रथिने पन्नास ग्रॅमच्या आसपास येतात. प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने घेण्याची शिफारस आहे. अधिक हवी असल्यास एक अंडे, पनीर किंवा दह्याची आणखी एक वाटी घ्यावी. हे ताट उपाशी माणसाचे दिसत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. यात काटछाट झाली आहे ती साखर, तळण आणि वरून घेतलेल्या तुपाची. भाकरी-भाजी-वरणाची नव्हे. बाजरी राजस्थानातही मिळते आणि महाराष्ट्रातही, तेव्हा बदलीच्या गावी हे जेवण परके वाटू नये.

आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम या जेवणाला जोडावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटा देणे, जिने चढणे, यांसाठी व्यायामशाळेची गरज नाही. जयपूरच्या मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, भूकही मंदावते. त्या दिवसांत चालणे पहाटे उरकावे, पाणी व पातळ ताक भरपूर घ्यावे, आणि जेवण थोडे कमी गेले तर त्याची धास्ती घेऊ नये.

पुरेसे मिळते आहे, हे कसे ओळखावे?

वहीतील आकड्यापेक्षा शरीराची साक्ष अधिक विश्वसनीय असते. दिवसभर काम करण्याइतका उत्साह आहे, झोप नीट लागते, पाळी नियमित आहे, पोट साफ होते, पूर्वीइतकेच ओझे उचलता येते आणि वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरते आहे, तर जेवण पुरेसे आहे. मग एखाद्या दिवशी बेरीज कितीही येवो.

याउलट सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, दोन-तीन महिन्यांनी केस पुष्कळ गळू लागणे, पाळी चुकणे, बद्धकोष्ठ, ताकद घटणे, आठवड्याला एक किलोहून अधिक वजन उतरत राहणे, ही जेवण वाढवण्याची लक्षणे समजावीत आणि डॉक्टरांना भेटावे. फार झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि वाढत्या वयाची मुले यांनी स्वतःच्या मनाने वजन घटवण्याच्या मागे लागू नये.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावी. कोणी चारचौघांत जेवणे टाळू लागले, प्रत्येक घासाचा हिशेब केल्याविना त्याला खाता येईना, खाल्ल्यानंतर अपराधी वाटून तो उपाशी राहू लागला किंवा ओकारी काढू लागला, वजन पुरेसे उतरूनही त्याला आपण स्थूलच वाटू लागलो, तर हा डाएटचा प्रश्न उरत नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'खा म्हटले की खावे' असे दरडावून तो बरा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही आणि हिंदीतूनही.

काही व्यवहार्य सूचना

कॅलरींची नोंद पहिले दोन-तीन आठवडे करावी. त्यातून आपल्या ताटाची ओळख होते. नंतर वही मिटावी. नोंद ठेवायचीच असेल तर रोजची नको, आठवड्याची ठेवावी. वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी पाहावे आणि महिन्याचा कल लक्षात घ्यावा. कंबरेचा घेर मोजावा. कित्येकदा काटा स्थिर असतो, पण घेर उतरलेला असतो. कमी खाल्लेल्या दिवसाची भरपाई म्हणून रात्री उशिरा बळे खाऊ नये, जास्त झालेल्या दिवसाची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी करू नये. आपल्या वजनाच्या पाच टक्के घट झाली, म्हणजे ६८ किलोच्या व्यक्तीचे साडेतीन किलो उतरले, तरी रक्तदाब व साखरेवर त्याचा इष्ट परिणाम दिसू लागतो. त्यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही. तीन-चार महिन्यांचा धीर पुरेसा आहे.

वाचकहो, मुदत ठेवीचे व्याज एका रात्रीत पदरात पडत नाही, हे आपण सर्व जाणतो. शरीराच्या बाबतीतही तोच धीर धरावा. ताटात पुरेसे अन्न, त्यात पुरेशी प्रथिने, अंगाला पुरेशी हालचाल आणि हिशेब आठवड्याचा, एवढे सांभाळले तर रोज रात्रीची बेरीज जुळो वा न जुळो, निश्चिंत मनाने झोपावे. चांगली झोप हादेखील वजन आटोक्यात ठेवण्याचा एक उपाय आहे.